तिसरा घास

हॉटेलच्या दारातली तपासणीची कमान किंचाळली आणि म्हाताऱ्या अयालेवचा पुतण्या जागीच थांबला. दारवानाने त्याच्याकडून कापडात गुंडाळलेली एक वस्तू घेतली, कपाटात ठेवली आणि त्याच्या हातावर एक निळा बिल्ला टेकवला. पुतण्या जेवणघरात येऊन बसला. बिल्ला त्याने टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"काय ठेवून आलास रे?" देरेसेने हसून विचारले.

"थोडं लोखंड. प्रवासात लागतं."

"म्हणून तर इथं जमवलं," मेरशा पंच घाईघाईने म्हणाले. "गावात वडाखाली बसलो असतो तर प्रत्येकाच्या मांडीवर लोखंड असतं!"

पंच एकटेच हसले. वर्कनेशने टेबलाखालून आपल्या मुलाच्या, देरेसेच्या, गुडघ्यावर हात ठेवला.

शेताच्या बांधावरून देरेसेच्या बापाने अयालेवच्या धाकट्या भावाला ठार मारले होते. बाप आता अंथरुणात मेला होता आणि वैर मुलाकडे आले होते. वर्कनेशने त्याला लहान असतानाच आपल्या बहिणीबरोबर जर्मनीला धाडले होते. तो आता परत आला होता. उद्या सकाळी त्याला बापाच्या कबरीवर जायला गावी निघायचे होते. त्याआधी अयालेवने त्याच्याबरोबर एका ताटात जेवावे, त्याला स्वतःच्या हाताने भरवावे आणि वैर मिटवावे, एवढ्यासाठी पंच महिनाभर खेटे घालत होते.

"गाशे अयालेव, एक गंमत सांगू?" देरेसे म्हाताऱ्याला वडीलधाऱ्याचा मान देत म्हणाला. "ह्याच कंपनीचं हॉटेल फ्रँकफर्टला आहे, दुबईला आहे. तीच उशी, तोच साबण, भिंतीवर तेच चित्र. अंधारातसुद्धा दिव्याचं बटण सापडतं. मला तर घरी आल्यासारखं वाटतं."

"घरी?" अयालेव म्हणाला. "तुझ्या घराचं दार माझ्या ओट्यावरून दिसतं. रोज बघतो मी."

वाढणाऱ्या मुलीने झारी आणि तस्त आणून सगळ्यांच्या हातांवर कोमट पाणी घातले. मग मोठे ताट आले. खाली पसरलेला इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी, मधोमध कोंबडीचा लाल रस्सा, त्यात उकडलेली अंडी. वर्कनेशने कडेचा तुकडा तोडला. इंजेराच्या कडा कातरीने कापल्यासारख्या सारख्या होत्या आणि आंबटपणा नावाला नव्हता. तिची आई पीठ आंबवायला ठेवायची तेव्हा त्याचा वास अंगणापर्यंत यायचा. रस्सा मात्र तिखट होता. निदान त्यात कुणी कुचराई केली नव्हती.

तिला आजोबा आठवले. असेच एक जुने वैर मिटवताना त्यांनी समोरच्याला तीन घास भरवले होते. तिसरा एवढा मोठा होता की त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आले. तो गुदमरून रडतोय की मन भरून आले म्हणून, ते कुणालाच कळले नाही. मग सगळा गाव हसला होता. एक घास भांडण लावतो, दुसरा तेढ वाढवतो, तिसरा जीव जडवतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते. देरेसे तिकडे वाढला होता. त्याला हे कोण सांगणार होते?

अयालेवने इंजेराचा तुकडा तोडला. त्यात मांस घेतले, रस्सा घेतला, बोटांनी नीट वळला आणि हात पुढे केला.

"तोंड उघड, पोरा."

देरेसेने लहान मुलासारखे तोंड उघडले. घास घेतला, डोळे मिटून चावला. पंचांनी कपाळावरचा घाम पुसला.

वर्कनेश वाट पाहू लागली.

अयालेवने रुमाल उचलला आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली.

पंचांनी मान खाली घातली आणि उगाचच पाण्याचा ग्लास सरकवला.

"गाशे," वर्कनेश म्हणाली. तिने आवाजात हसू आणले. "एका घासानं कुणाचं पोट भरतं होय?"

"हात थकतो गं, वर्कनेश. म्हातारा झालो. उरलेलं गावात बघू." मग तो देरेसेकडे वळला. "कुठल्या वाटेनं येणार उद्या?"

"अबाई नदीच्या खोऱ्यातून," देरेसे म्हणाला. "उतारावर वळणाशी कणसं भाजतात ना, तिथं थांबणार आहोत. मावशी अजून त्या कणसांच्या आठवणी काढते."

वर्कनेशने त्याच्या गुडघ्यावर नखे रुतवली. पण तो बोलून चुकला होता.

"त्या वळणावर," अयालेव म्हणाला. "चांगली असतात कणसं तिथली."

अयालेव उठला. पुतण्याने बिल्ला उचलला. मेरशा पंच त्या दोघांच्या मागे निघाले. दारवानाने कपाट उघडले, कापडातली वस्तू पुतण्याच्या हातात दिली आणि वर सलामही ठोकला.

"बघितलंस, एमाये?" देरेसेने आईच्या खांद्याभोवती हात टाकला. "उगाच घाबरत होतीस. स्वतःच्या हातानं भरवलं की त्यांनी!"

वाढणारी मुलगी पुन्हा झारी घेऊन आली. देरेसेने हात धुतले. वर्कनेशने आपला हात पुढे केला नाही.

"पोरी," ती म्हणाली, "इथं माणसाला किती दिवस राहता येतं?"

"हवे तितके दिवस, एमाये."

"अगं, आम्ही उद्या सकाळीच निघतोय," देरेसे हसत त्या मुलीला म्हणाला.

मुलगी झारी धरून उभी राहिली. रश्श्याने लाल झालेला हात वर्कनेशने ताटावर तसाच धरून ठेवला होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "आमचं जेवण अजून व्हायचंय."