दिसतं तेवढंच

"झाडं काढायला जातेस की माणसं?" शेजारच्या विमलाक्काने वहीचं पान उलटत विचारलं.

अहल्याने वही हळूच मागे घेतली. "बाकावर कुणी बसलेलं होतं. आलं चित्रात."

"सलग नऊ पानं?" विमलाक्का हसली. "सरी, ठीक आहे. भीमसेनअण्णांच्या दृष्टीस पडू देऊ नकोस, म्हणजे झालं."

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकताना अहल्या रोज एक तरी चित्र काढायची. लग्नानंतर ते सुटलं. अकरा वर्षांनी, १९६१च्या जूनमध्ये, तिने पुन्हा वही आणली. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. नवरा, भीमसेन, आठला डबा घेऊन कारखान्यात जायचा, सहाला परतायचा. जेवताना मीठ मागायचा, तेवढंच.

पहिल्या आठवड्यात तिने लालबाग उद्यानातली पानं काढली. शिरा, कडा, देठ. मग तो माणूस दिसला. तळ्याकाठच्या बाकावर, तिच्याकडे पाठ करून. त्यानंतर रोज तोच. उतरलेले खांदे. कॉलरवरचं रफू. शेजारी तीन कप्प्यांचा डबा, तुटक्या कडीच्या जागी तांब्याची तार. एक वाजता तो एकटा जेवायचा, शेवटचा घास माशांना टाकायचा आणि मग दुपारभर तिथून हलायचा नाही. ती लांब आंब्याखाली बसून असायची. जवळ कधी गेली नाही.

त्या संध्याकाळी तिने वही आवरून ठेवली नाही.

भीमसेनने ती उचलली. झाडांची पानं भराभर उलटली. मग थांबला.

"हे कोण?"

"रोज असतात तिथे."

"चेहरा नाही काढलास."

"दिसला नाही. आमचे सर सांगायचे, दिसतं तेवढंच काढायचं. माहीत असतं ते नाही."

त्याने चित्रातल्या डब्याच्या तारेवर बोट ठेवलं.

"बोललीस त्यांच्याशी?"

"नाही. आवडेल की नाही, कळेना."

"पुन्हा जाणार आहेस?"

"हो."

भीमसेनने वही मिटून होती तिथे ठेवली. "उद्या मला लवकर निघायचंय," तो म्हणाला. "कारखान्यात नवं यंत्र येतंय."

सकाळी तिने डबा भरला आणि कडीची तांब्याची तार पिळून घट्ट केली.

"दोघांचं भरलंय," डबा त्याच्या हातात देत ती म्हणाली. "एकला येईन मी. बाकावर थोडी जागा ठेवा."