चारच्या आत

"दाजी, मनगट सुजलंय. क्लच दाबताना जीव जातोय," मेहुणा म्हणाला.

मिस्त्रीने मान वर केली नाही. तो मास्तराच्या मोटारसायकलीपाशी उकिडवा बसून, खाली इंजिनाच्या गार्डवर, जास्तीचा दिवा बसवत होता. दिवा मेहुण्याचा. मास्तराला चष्म्यातून धुक्यातलं काही दिसत नाही, म्हणून त्यानेच आपल्या गाडीवरचा काढून दिला होता. अंगावरचा सदरा काढून देईल अशातलाच तो.

"चावीलाच जोडलाय रे मास्तर. वेगळं बटण नाही, म्हणजे विसरायची भानगड नाही."

"आता थेट सर्कशीतच जातो," मास्तर म्हणाला. कुणी हसलं नाही.

पाच दिवसांत तीन खिंडी झाल्या होत्या. कालच्या ओढ्यात मेहुणा आपटला, तिथून सगळ्यांचाच उत्साह मावळला. चौथी खिंड समोर होती, म्हणजे असणार; धुक्यात तिचा पत्ता नव्हता. पलीकडच्या चौकीचं फाटक चार वाजता बंद होणार, ते थेट हिवाळा सरल्यावर उघडणार. मागे फिरायला गाड्यांत पेट्रोल नव्हतं. आणि ते थांबले होते त्या चहाच्या टपरीचा मालक तर फळ्या लावून, सामान टेम्पोत भरून निघालाच होता.

"याला माझ्याशेजारी बसवा," तो मिस्त्रीला म्हणाला. "एकाची जागा आहे. गाडी राहू दे इथं."

मेहुण्याने आशेने दाजींकडे पाहिलं.

"वा रे वा! मी चार महिने खपून जुळवलेली गाडी बर्फात टाकू?" मिस्त्री उखडला. "अरे, मनगटच ना ते? मान तर नाही मोडली?"

मेहुणा आपल्या गाडीकडे वळला. दाजींचा शब्द त्याने लहानपणापासून कधी मोडला नव्हता. टेम्पो घरघरत खाली निघून गेला, तेव्हा तो दिसेनासा होईपर्यंत मिस्त्री बघत राहिला. निघताना बायको दारात म्हणाली होती, "एकुलता एक भाऊ आहे हो माझा. जसा नेताय तसाच परत आणा." पण बोलून चुकला होता. आता माघार कशी घ्यायची?

त्यांचा नियम असा, की प्रत्येक वळणावर थांबायचं, मागच्याने हात वर केला की मगच पुढे जायचं.

"आज थांबायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "चिखलात चढावर थांबलो तर गाडी पुन्हा उचलणार नाही. मी पुढे. मास्तर, तू मध्ये, नजर फक्त रस्त्यावर. मागचं मी आरशात बघतो. माझ्या मागे दोन दिवे दिसले पाहिजेत. एक जरी गेला, तर मेलो तरी मागे वळेन."

"मी तुमच्या लाल दिव्यांमागून येतोच," मेहुणा म्हणाला. त्याने दातांनी हातमोजा ओढून घट्ट केला.

वाट कसली, नुसता राडा होता. डावीकडे कडा, उजवीकडे काहीच नाही. मिस्त्री दर वळणावर आरशात बघायचा. एक दिवा वर, एक जरा खाली. चढावर असेच दिसणार. पुढे बर्फ भुरभुरायला लागला. एकदा तर आरशात तीन दिवे दिसले. ओल्या काचेत एकाचे दोन दिसतात, हे त्याच्यासारख्या गॅरेजवाल्याला कोण सांगणार? त्याने बोटाने आरसा पुसला. वळण गेलं, पुन्हा पाहिलं. दोनच होते. हुश्श! त्याने गिअर बदलला.

त्यानंतर दोन तास ते दोन दिवे त्याने डोळ्यांआड होऊ दिले नाहीत. हात बधिर झाले, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मनात एकच घोकणी चालली होती: पोरगा येतोय, दुखऱ्या हाताने येतोय. शाब्बास. घरी गेल्यावर आधी त्याची माफी मागायची.

चौकीवर पोचला तेव्हा चारला पाच कमी होते. पहारेकरी कुलूप हातात घेऊनच उभा होता.

"किती जण?"

"तिघं. ते काय, येतायत मागून."

पहारेकऱ्याने डोळे बारीक केले. "हां, दिसले दोन दिवे. येऊ द्या पटकन. अर्ध्या तासात वर वाट उरणार नाही."

चौकीच्या खोलीत, दाराशीच टेलिफोन होता. मिस्त्रीने घरचा नंबर फिरवला. बायकोचा आवाज आला.

"पोचलो गं. सगळे पोचलो. तुझा भाऊपण."

"खरंच? त्याला द्या ना फोन."

"येतोय ना. हा काय, समोरच दिसतोय. दोन मिनिटं धर."

रिसीव्हर हातात धरूनच तो दारात आला. इंजिनाचा आवाज फाटकाशी येऊन थांबला. धुक्यात दोन्ही दिवे तसेच जळत होते, एक वर, एक जरा खाली.

मास्तराने चावी फिरवली. दोन्ही दिवे एकदम विझले.