फाटकावरचा नियम

"जंगलातून काहीही बाहेर नेता येणार नाही. पान नाही, पीस नाही, दगडसुद्धा नाही." राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. पर्यटक मान डोलावतात आणि सेल्फी काढतात. मनावर घेते ती एकटी मैनाबाई.

तिचं गाव आत होतं. तीन वर्षांपूर्वी सरकारनं ते उठवून हायवेलगत वसवलं, पण देव जुन्या गावातल्या मोहाच्या झाडाखालीच राहिला. जुना दगड आणल्याशिवाय नव्या गावात देव बसत नाही, म्हणून दर मंगळवारी ती माझ्यासमोर उभी राहायची.

"वाटीएवढा तं आहे, बाबू."

"मावशी, ऑफिसात अर्ज करा."

तिचे चार अर्ज परत आले. तिला नाही म्हणून म्हणून माझंच तोंड कडू झालं होतं. शेवटी काल गस्तीवर असताना मी तो शेंदूर लावलेला दगड उचलला आणि डब्याच्या पिशवीत घातला. नोकरी गेली तर गेली, इतका मी या फाटकाला कंटाळलो होतो.

आज ती आल्यावर इकडेतिकडे बघून मी पिशवी तिच्यापुढे केली. तिनं आत हात घालून दगडावरून फिरवला, बराच वेळ. मग पिशवीचं तोंड नीट बांधून माझ्या हातात परत दिली.

"होता तिथं नेऊन ठेव, बाबू. आमी समदे निंगालो. गावात कोनी तं राहू दे."