तिसऱ्या परीक्षकाचा शेरा

परीक्षकांनी शोधनिबंध मान्य केला की तासाभरात त्यातलं औषध देशभरच्या रुग्णालयांत सुरू व्हायचं. सरकारी मंजुरीची मधली वर्षं आता उरली नव्हती. या निबंधाला दोघांची मान्यता आली होती. आता सगळं तिसऱ्या परीक्षकावर, सुनेत्रा किरपेकरवर, अडलं होतं.

फोनवर वहिनी होती. "डॉक्टरांनी ह्यांना दोनच दिवस दिलेत गं. ते औषध तुझ्याकडेच अडलंय ना?"

"चाचणीच्या तक्त्यात चौदा रुग्ण कमी भरतायत, वहिनी. ते कुठे गेले, हे कळल्याशिवाय मान्यता कशी देऊ?"

"सख्खे भाऊ आहेत तुझे."

सुनेत्राने फोन ठेवला. आपलं माणूस गुंतलं असेल तर परीक्षकाने बाजूला व्हावं, हा पहिलाच नियम होता. पण नवा परीक्षक तो तक्ता इतक्या बारकाईने पाहील? तिने संपादकांना भावाचं नाव कळवून निबंध सोडला, आणि सोडताना एकच शेरा लिहिला: 'त्या चौदा जणांचं काय झालं, ते आधी विचारा.'

संध्याकाळी संपादकांनी कळवलं, चौदाही जण पहिल्याच डोसनंतर दगावले होते. निबंध फेटाळला गेला.

तिने वहिनीला फोन लावला. "मी निघालेय. दादाजवळ बसते."