अर्ज क्रमांक अडतीस

गल्लीतला स्पीडब्रेकर एकदाचा निघाला. टायपिस्टबाईंच्या सदतीस अर्जांना यश आलं, रस्ता गुळगुळीत झाला, प्रकरण मिटलं.

असं काहीही झालेलं नाही. निदान सकाळी पावणेनऊला मुकादम दोन माणसं आणि डांबर फोडायचं यंत्र घेऊन खिडकीखाली उभा राहिला, तेव्हा टायपिस्टबाईंचं म्हणणं तसंच होतं.

"चुकीच्या गल्लीत आलात तुम्ही," त्या खिडकीतून म्हणाल्या.

मुकादमाने कागद उलगडला. "तळमजला, हिरवी खिडकी, समोर स्पीडब्रेकर. 'दर वाहनागणिक कपबशा हादरतात व जीव नकोसा होतो.' तुमचाच अर्ज ना, बाई?"

"माझा नाही."

"खाली सही आहे तुमची."

"मारली असेल कुणीतरी."

"आणि हा र? बाकी ओळ सरळ, हा एकटा उडी मारून वर बसलाय. सदतीसही अर्जांत असाच. ऑफिसात सगळे ओळखतात त्याला." मुकादमाची नजर बाईंच्या मागे, टेबलावरच्या टाइपरायटरकडे गेली. बाईंनी त्यावर टॉवेल टाकला.

चूक बाईंची नव्हती. तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य टाइप केलं होतं, आणि एकदाही कार्यवाही झालेली पाहिली नव्हती. त्या विश्वासावर त्या दर महिन्याला एक अर्ज टाकत.

"पण वाचला कोणी?" त्यांनी विचारलं.

"नवीन साहेब आलेत. पहिलाच दिवस होता, दुसरं काही काम नव्हतं." मुकादमालाही जरा ओशाळल्यासारखं झालं.

बाई आत गेल्या, लाकडी खुर्ची घेऊन बाहेर आल्या, ती स्पीडब्रेकरच्या बरोबर मध्यावर ठेवली आणि बसल्या. खुर्ची डुगडुगली. त्यांनी एका पायाखाली घडी केलेला रुमाल सरकवला आणि पुन्हा बसल्या.

"बाई," मुकादम म्हणाला, "तुम्ही तुमच्याच अर्जावर बसलाय."

"मग काय झालं? अर्ज माझा, बूड माझं."

दोन्ही माणसं यंत्राला टेकून उभी राहिली. एकाने घड्याळात पाहिलं. बाईंनीही पाहिलं. नऊ वाजून गेले होते.

नऊ दहाला सतरा नंबरची बस यायची. या स्पीडब्रेकरवर ती आठ सेकंद असायची. बाईंचा वेग मिनिटाला पंचेचाळीस शब्द, म्हणजे आठ सेकंदांत सहा. रोजच्या भांडणाला तेवढे पुरत. पुढची चाकं चढली की बाई खिडकीतून ओरडत, "ही बस आहे की मालट्रक रे?" मागची चाकं उतरली की ड्रायव्हर ओरडे, "उद्या फुलासारखी नेतो, मावशी!" मग बस जाई. उरलेला दिवस रेडिओ आणि नळ बोलत, पण दोघंही आपलंच बोलत. मुलगी रविवारी फोन करून "सगळं ठीक ना?" विचारायची आणि उत्तराच्या आधी "बरं, ठेवते" म्हणायची.

बस आली आणि खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली. चक्क उभी राहिली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, मावशी?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे वेळ होता. बाईंकडे तर होताच. किती वर्षं चालवतोस, घरी कोण कोण आहे, डबा कोण देतं, काहीही विचारता आलं असतं. बाईंनी तोंड उघडलं.

"ही बस आहे की मालट्रक रे?"

"आज तर उभी आहे हो, मावशी," ड्रायव्हर गोंधळून म्हणाला.

पुढे काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मागून रिक्षावाल्यांनी हॉर्न धरले. बसमधून कोणीतरी ओरडलं, "आजी, आम्हाला कामं आहेत!" बाई उठल्या. खुर्ची उचलली, रुमाल झटकला आणि बाजूला झाल्या.

बस शेवटची चढली आणि उतरली. ओरडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

काम अर्ध्या तासात झालं. मुकादमाने छापील फॉर्म पुढे केला. 'तक्रारदाराचे समाधान झाले आहे.' बाईंनी सही केली. सरकारी फॉर्म कोरा सोडायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला बस खरोखरच फुलासारखी गेली. पडदा तेवढा हलला. बाईंचं "ही ब..." पर्यंत झालं. ड्रायव्हरचं "उद्या फुला..." पर्यंत ऐकू आलं, बाकीचं पुढच्या चौकात पोचलं.

कपबशा जागच्या हलल्या नाहीत.

बाईंनी टाइपरायटरवरचा टॉवेल काढला, कागद चढवला, समास लावला.

'विषय: गतिरोधक पूर्ववत बसवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की सदर गतिरोधक मूळ जागी, मूळ उंचीने बसवण्यात यावा. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास, बस क्रमांक सतराच्या चालकास सदर खिडकीसमोर, कामाच्या दिवशी, वाक्य पूर्ण होईपर्यंत गाडी हळू चालवण्याची लेखी परवानगी देण्यात यावी. कळावे.'