साठ किलोचा दोर

"आधी सगळं सांगतो, मगच उतरतो," विहिरीच्या काठावर सदरा काढत गुंडेराव म्हणाले. "मधी कुणाला काय इचारायची पाळी येऊ देत न्हाई मी."

कमठाण्याचे गुंडेराव वीस वर्षं लोकांच्या विहिरींत उतरत होते. कुणाची मोटार पडलेली असायची, कुणाची बादली, कधी माणूस. संतपूरच्या शिवारातून आज बोलावणं आलं होतं ते माणसासाठी. बोलावलं होतं शिवशंकरांनी. त्यांची मुलगी अंबिका चार दिवसांपूर्वी सासरच्या घरातून नाहीशी झाली होती, आणि काल तिची एक चप्पल या विहिरीजवळच्या तुरीत सापडली होती.

"पाणी पंचवीस फूट हाय," गुंडेराव सांगू लागले. "एका दमात मी दीड मिनिट खाली राहतो. घावली तर घावली म्हणून सांगीन, न्हाई तर न्हाई. उगं आशा लावणार न्हाई."

"माझी लेक माझ्या हातात द्या अण्णा," शिवशंकर म्हणाले. "कशी का असंना."

पंचनाम्यासाठी आलेला पोलीस शिपाई मंजुनाथ लिंबाखाली बसला होता. त्याला ऊन सोसत नव्हतं आणि हे कामही.

"आता तुम्ही सांगा. पाण्यात काय काय हाय, सगळं. माझा भाऊ नागसेन असाच उतरला व्हता. वायरमधी करंट हाय, ते सांगायचं मालक इसरला. भाऊ वर आला, पर मेलेला."

उत्तर दिलं ते जावयाने, रामकिशनने; विहीर त्याचीच होती. चार दिवसांची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "उत्तरंच्या अंगाला जुना लोखंडी पाईप हाय. वायर म्याच काढून टाकलीय. दुसरं काय न्हाई."

"लुगडं कोणतं व्हतं?"

"हिरवं. लाल काठाचं."

विचारलं की लगेच सांगणारी माणसं गुंडेरावांना आवडायची. अशा प्रसंगी घरचे लोक एक तर रडतात, नाही तर भांडतात. हा पोरगा तसला नव्हता.

रामकिशनची आई राजूबाई फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली आणि व्याह्यांपुढे बसली. "दोन घास खावा. चटणी शेजारनीची हाय. आमचा वाटायचा पाटा रामकिशन टाकी लावून आणतो म्हणून पाथरवटाकडं घेऊन गेलाय, अजून आला न्हाई."

शिवशंकरांनी फडकं बाजूला सारलं.

"आई, तू घरी जा," रामकिशन हळूच म्हणाला. "इथं बसू नगंस."

ती गेल्यावर गुंडेरावांनी कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक रामकिशनच्या हातात दिलं. एक झटका म्हणजे मी बरा आहे, तीन झटके म्हणजे वर ओढा, असं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग पायऱ्या उतरून ते पाण्यात शिरले.

पाणी हललं आणि पुन्हा थांबलं. शिवशंकर तोंडातल्या तोंडात काही मोजत होते, पण आकडे चुकत होते.

गुंडेराव वर आले. दम घेण्याआधीच बोलले, कारण काठावरचा बाप त्यांना दिसत होता. "शिवशंकर अण्णा, घावली. उत्तरंच्या कोपऱ्यात हाय. हिरवं लुगडं हाताला लागलं."

शिवशंकर मटकन खाली बसले. चार दिवस त्यांच्या मनात हेच होतं, तरी लेक कुठल्या मैत्रिणीकडे असेल अशी वेडी आशा त्यांनी आत कुठेतरी धरून ठेवली होती. ती आता गेली.

गुंडेरावांनी त्यांना रडू दिलं. मग जवळ येऊन म्हणाले, "अजून एक सांगायचंय. म्या वढून बघितली, हालंना. लुगडं पायपात अडकलं असंल, म्हणून तर इतके दिस वर आली न्हाई. आता ते सोडवून, दोर बांधून वर घ्यायची. वजन किती व्हतं?"

"पंचेचाळीस," शिवशंकर म्हणाले. "लग्नाला पंचावन्न व्हती."

"मग ह्यो दोर पुरंल. साठ किलोला कुटं जात न्हाई. पाण्यात असंपर्यंत वजन लागत न्हाई. पाण्याबाहेर आली की समदा भार दोरावर, अन् मी तिच्या बराबर खाली असतो. म्हणून इचारलं."

त्यांनी दोराची गाठ तपासली. मग सवयीप्रमाणे एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "कुणाचं काय सांगायचं राहिलंय का?"

मंजुनाथने वही उघडली. गुंडेरावांनी पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात रामकिशनने त्यांचं मनगट धरलं. तो सोडेना. इतका वेळ दाबून धरलेलं दुःख आता बाहेर येतंय, असं गुंडेरावांना वाटलं. त्यांना त्याची कीव आली. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"धीर धर बाळा. नीट वर आणतो तिला."

"अण्णा, ह्यो दोर नगं. तुटंल. जाड घ्या."

"कामून?"

रामकिशनने सासऱ्याकडे पाहिलं नाही.

"तिच्या कमरंला पाटा बी हाय."