काल काय खाल्लं?

सन चौसष्टमध्ये अमरावतीला देशोदेशींच्या संशोधन संस्था आणि त्यांना पैसा पुरवणारे साहेब जमले होते. हिवरखेडकडच्या एका खेड्यात मजुरांच्या आहाराच्या पाहणीसाठी तीन वर्षं दर सोमवारी घरोघरी फिरून देवमनने भरलेले तक्ते भिंतीवर टांगले होते. "काल काय खाल्लं?" या प्रश्नाला प्रत्येक घराचं एकच उत्तर होतं: भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. मजूर खाऊनपिऊन सुखी आहेत, असं एकमताने ठरलं. धान्यवाटपाची शिफारस खोडली गेली, पाहणी बंद झाली. देवमनच्या अक्षराचंही कौतुक झालं.

पाहणी संपल्याचं पत्र घेऊन तो गुरुवारी त्याच खेड्यातल्या चतुराबाईच्या दारात गेला. सवयीने तोंडून निघालंच, "मावशी, काल काय खाल्लं?"

"काई नाई."

"काहून?"

"काल बुधवार होता, बापा. तू सोमवारी येतं अन् आयतवारचं इचारतं. एवढ्या दुरून आलेल्या माणसाले 'काई नाई' कसं सांगाव? म्हून हप्ताभर मूठ मूठ राखून आमी समद्या बाया आयतवारी रांधत होतो."

देवमनने पत्र उघडलं आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचून दाखवलं.

चतुराबाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे आता आयतवारी चूल नाई पेटवली, तरी चालन नं?"